आयर्विनला पस्तीस झालं की निघायचं

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसं भेटली की कसं काय, बरं आहे का हे नंतर, आधी विचारतात "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. मी सांगलीतल्या जुन्या वस्तीत, गावभागात वाढले, लग्न होऊन पुण्याला आले, भाऊ बंगळूरला, आणि अण्णा-आई दोघंच तिथं जुन्या घरात. आता अण्णा ऐंशीला टेकलेत, आई पंच्याहत्तरीला. २०१९ ला जे झालं आणि नंतर आम्ही जी तयारी केली ती सगळी लिहून काढायची कधीपासून मनात होतं, कारण माझ्या ओळखीत निम्म्या लोकांचे आईवडील असेच गावी एकटे आहेत. कुणाला नदीचं भय, कुणाला दरडीचं, कुणाला नुसतं रात्री बाथरूममध्ये पाय घसरायचं. लांबेल हे, पण लांबू दे.

२०१९ ची ५ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी. आईचा सकाळी फोन, पुरणाची दिंडं केलीयत, तुझी आठवण झाली वगैरे. मी विचारलं पाणी किती, तर म्हणाली चढतंय पण अण्णा म्हणतात काही होत नाही. अण्णांनी फोन घेतला आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य, "२००५ ला त्रेपन्नाच्या वर गेलेलं, तवा आपल्या तिसऱ्या पायरीला लागून परत फिरलं. आपल्याला पाच पायऱ्या हैत. उगं गडबड करू नका." अण्णा म्हणजे आयुष्यभर हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आकड्यांचा माणूस, २००५ ला हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांमध्ये, पाणी शिरून लोकांची हळद कशी गेली ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे पुराचं त्यांना कळत नाही असं म्हणायची आमची कुणाची टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं, कारण अण्णा बरोबर असले तर मला पुण्याहून पळावं लागणार नव्हतं.

पण २००५ ची खूण ही २००५ ची होती. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मंगळवारी संध्याकाळी पाचवी पायरी भिजली, बुधवारी सकाळी घरात मांडीएवढं पाणी. दोघं रात्रीतूनच माडीवर गेले होते, जाताना गाद्या, थोडे तांदूळ, पोह्यांचा डबा आणि देवघरातले देव एवढं नेलं. आईचं इन्सुलिन खाली फ्रीजमध्ये राहिलं. ते आठवलं तेव्हा अण्णा पाण्यातनं खाली गेले, वय वर्षं चौऱ्याहत्तर, अंधारात, लाईट गेलेली, चिखलानं जमीन बुळबुळीत, हे आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. आणलं त्यांनी, पण फ्रीज बंद, मग ते तसंच कोनाड्यात राहिलं.

संडास खालीच. माडीवर नाही. आई मधुमेही, दोन्ही गुडघे गेलेले, खाली बसताच येत नाही तिला. तिनं दोन दिवस पाणी जवळजवळ प्यायलंच नाही, म्हणजे जायची वेळच येऊ नये. हे तिनं तेव्हा अण्णांनाही सांगितलं नाही, मला सहा महिन्यांनी सांगितलं, बादली वापरायची लाज वाटत होती म्हणाली. झेडपीच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती माझी आई, गल्लीत सगळे तिला बाई म्हणतात, आणि ती एका अंधाऱ्या खोलीत तहान मारून बसली होती. पूर म्हणलं की लोक बोटी, जवान, हेलिकॉप्टर दाखवतात, मला मात्र हेच दिसतं.

बुधवारी रात्री त्यांचा फोन बंद पडला. चार्जिंग संपलं इतकंच, पण मला दीड दिवस काही कळत नव्हतं. शेजारच्या एकाही घराचा नंबर माझ्याकडं नव्हता! ज्या गल्लीत मी वाढले तिथल्या एका माणसाचा नंबर नाही. तिकडून अण्णांची तीच गत, शेजारच्या पोराचा फोन चालू होता, त्यानं दिला हातात, पण अण्णांना ना माझा नंबर पाठ ना भावाचा, सगळे त्या बंद पडलेल्या फोनमध्ये. निघावं तर इस्लामपूरकडून येणारा नेहमीचा रस्ता बंद. मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

८ तारखेला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी शेजारच्या रेडिओवरून आईच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत बोट आली तर ती बसेना. मला इथंच मरू द्या म्हणाली. शेवटी एक जवान जिना चढून वर आला, हिंदीत बोलत होता पण तिला आज्जी म्हणाला, आधी तिच्या अंगात लाईफ जॅकेट घालून पट्टे घट्ट करून दाखवले आणि मग चौघांनी मिळून तिला खुर्चीसकट खाली उतरवलं. त्या माणसाचं नाव आम्हाला कळलं नाही. आई अजून दिवाळीला त्याच्या नावानं एक पणती जास्त लावते.

पुढं मिरजेला चार दिवस दवाखान्यात. शुगर वाढलेली, लघवीला इन्फेक्शन झालेलं, पाणी न प्यायल्यामुळं झालं असणार असं डॉक्टर म्हणाले. अण्णांच्या कानाच्या मशीनची सेल संपलेली, तीन दिवस त्यांना धड ऐकू येत नव्हतं. म्हणजे बोटीवाले खालून हाका मारत होते त्या त्यांना ऐकूच गेल्या नाहीत, त्या शेजारच्या पोरानं सांगितलं की वर दोघं म्हातारी आहेत म्हणून कळलं.

पुढची चूक आमची, भावाची आणि माझी. दिवाळीला सगळे जमलो, घराच्या भिंतींना अजून ओलीचा वास होता, आणि जेवताना भावानं विषय काढला की आता बास, हे घर सोडा आणि बंगळूरला नाहीतर पुण्याला चला. मी त्याची री ओढली. अण्णा ताटावरून उठले. माझ्या आठवणीत ते अर्ध्या ताटावरून कधी उठले नव्हते. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आई मला परड्यात म्हणाली, "तुम्ही आम्हाला हलवायचं बघताय, आम्हाला विचारतंय कोण?" ते मला लागलं. खरंच आम्ही विचारलंच नव्हतं काही, पूर येऊन गेला तर आम्ही दोघं आपलं ठरवून मोकळे झालो होतो.

मग मी अण्णांकडं गेले आणि सरळ म्हणलं, अण्णा तुम्ही इथंच राहा, तो विषय संपला. पण मला एक हिशोब करून द्या. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीत काय काय होतं ते मला लिहून पाहिजे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही ते. आणि हे मी त्यांना चढवायला म्हणाले नव्हते, खरंच ते दुसऱ्या कुणाला येणार नव्हतं.

त्यांनी त्यांची लाल कापडी बांधणीची वही काढली. आठवडाभर शेजारी फिरून, २००५ चं कुणाला काय आठवतंय, २०१९ ला कुणाच्या दारात किती वाजता पाणी आलं, असं विचारून विचारून एक पान तयार केलं. मला वाटत होतं त्या पानावर आपल्या पायऱ्यांचा हिशोब असेल, तो होताच, पण त्यांना स्वतःला एक गोष्ट त्यात नव्यानं सापडली. आपल्या घराला पाणी लागायच्या कितीतरी आधी, निदान आठ-नऊ फूट आधी, आपला बाहेर पडायचा रस्ता पाण्याखाली जातो. म्हणजे घर कोरडं असतं, आपण बिनधास्त चहा पीत बसलेलो असतो आणि तोवर आपण अडकलेलो असतो. आयुष्यभर ते पायऱ्या बघत आले होते आणि बघायला पाहिजे होता रस्ता. हे ते स्वतः बोलले, मी नाही.

मग आकडा ठरवायला बसलो. भाऊ म्हणाला ४० ला सरकारच इशारा देतं, तेव्हा निघू. अण्णा म्हणाले ४० चा इशारा धडधाकट माणसाला, तुझ्या आईला जिना उतरायला दहा मिनिटं लागतात. त्यांचा हिशोब असा की पाणी जोरात चढायला लागलं की तासाला अर्धा फूट धरायचा, आपला रस्ता जातो सेहेचाळीसच्या आसपास, तर पस्तीसला निघालो तर वीस-बावीस तास हातात राहतात, मध्ये रात्र आली, रिक्षा मिळाली नाही, आईची शुगर कमी झाली, काही झालं तरी सावरता येतं. आणि कोयना धरणातून विसर्ग वाढवला की ते पाणी आपल्यापर्यंत यायला एक दिवसाच्या वर लागतो, म्हणजे ती बातमी आली की तेव्हापासूनच कान उघडे ठेवायचे. शेवटी ठरलं, तीसला पिशवी दारात, पस्तीसला बाहेर. बाहेर पाऊस असो नसो, पाणी डोळ्याला दिसो न दिसो. आणि त्या दिवशी त्यावर चर्चा करायची नाही, चर्चा करायची ती आत्ता करून घ्या. अण्णांनी ते वहीत लिहिलं आणि खाली सही केली, आईलाही करायला लावली.

माझ्या मते सगळ्या तयारीतलं हे सगळ्यात मोठं काम होतं आणि त्याला एक रुपया लागला नाही. पिशवी वगैरे कुणीही भरतं. पण ऐन वेळी म्हातारं माणूस "बघू अजून थोडा वेळ" म्हणतं तिथं सगळं अडतं. ते हट्टी असतात म्हणून नाही, घर सोडून दुसऱ्याच्या दारात जाऊन राहायचं, उद्या पाणी आलंच नाही तर लोक हसतील, आपल्यामुळं पोरांना रजा काढावी लागेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू असतं. कोरड्या दिवसात ठरवलं की त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं.

आता पिशवीचं. पहिली पिशवी मी भरली ती चूक निघाली. मी पुण्याहून मोठी सॅक आणली होती, टॉर्च, दोरी, शिट्टी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आईला ती उचलतासुद्धा येईना. मग आईनं तिच्या पद्धतीनं केलं, दोन कापडी पिशव्या आत प्लॅस्टिक घालून, प्रत्येकी एका हातात मावेल एवढीच. एकीत औषधं आणि कागद, दुसरीत कपडे आणि खाणं.

औषधांचं असं केलं की डॉक्टरांना सांगून तीन आठवड्यांचा जादा साठा लिहून घेतला. पण तो पिशवीत ठेवून विसरायचा नाही, नाहीतर तारीख उलटते. दर महिन्याच्या १ तारखेला नवीन औषधं आली की ती पिशवीत जातात आणि पिशवीतली जुनी वापरायला बाहेर येतात. बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांच्या पट्ट्या कापून सुट्ट्या ठेवायच्या नाहीत, नाव दिसलं पाहिजे, दवाखान्यात माणूस बेशुद्ध असेल तर तेच वाचतात. इन्सुलिन पिशवीत ठेवता येत नाही, ते फ्रीजमध्येच, पण फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, "निघताना इन्सुलिन". सोबत थर्मास. एक महत्त्वाचं, त्यात बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही, गोठलं की ते वाया जातं, परत वितळलं तरी चालत नाही. बर्फ रुमालात गुंडाळून खाली आणि मध्ये कापड. लाईट नसेल तेव्हा दोन मातीची मडकी, मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, हे आईला एका जुन्या कंपाउंडरनी शिकवलं आणि उन्हाळ्यात करून बघितलं तर चांगलं गार राहतं. वापरातलं पेन तर साधारण महिनाभर बाहेर चालतं, फार उकाडा नसला तर, हे डॉक्टरांना विचारून घेतलं, तुम्हीही तुमच्या औषधाचं विचारून घ्या. आणि ग्लुकोजची पुडी, कारण जेवणाची वेळ चुकते, इंजेक्शन घेतलेलं असतं आणि शुगर एकदम उतरते.

अण्णांच्या मशीनची सेल, १३ नंबरची, नारिंगी कागद लावलेली असते ती, तिची दोन पाकिटं. कागद काढला की ती सुरू होते, मग वापरा न वापरा संपते, त्यामुळे कागद काढून ठेवायचा नाही. जुना चष्मा फेकायचा नाही, तोच जादाचा चष्मा. कवळीची डबी. आईची काठी दाराच्या मागं खुंटीला, पिशवीच्या शेजारीच.

कागद म्हणजे आधार, रेशनकार्ड, आईच्या पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), पासबुकं, घराचा उतारा, सगळ्याच्या झेरॉक्स पिशवीत आणि फोटो माझ्या आणि भावाच्या फोनमध्ये. २०१९ ला पीपीओचा कागद भिजून लगदा झाला होता, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी आईला केवढी धावपळ करावी लागली. रोख पैसे पाच हजार, पण सगळे शंभर-पन्नासच्या नोटांत. लाईट गेली की एटीएमही नाही, गुगल पे नाही, आणि पाचशेची नोट रिक्षावाल्याकडं सुटत नाही.

एक कार्ड केलं, पोस्टकार्डाएवढं, दोन्ही बाजूंनी ठळक मराठीत. नाव, वय, आजार, औषधं कुठली किती वाजता, कुठलं औषध सोसत नाही, डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर, भावाचा, मामेभावाचा, शेजारच्या पोराचा. खाली ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा १४५६७. लॅमिनेट करून एक पिशवीत, एक फ्रीजवर, एक आईच्या बटव्यात. माझा नंबर मात्र दोघांनाही पाठच करायला लावला, आईनं अण्णांना मास्तरिणीसारखं रोज चहाच्या वेळी विचारून पाठ करून घेतला. स्मार्टफोनशिवाय एक साधा बटणांचा फोन घेतला, एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस जातो. आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ, आकाशवाणी सांगली लागतं त्याच्यावर.

खायला मी बिस्किटं ठेवली होती ती आईनं काढली, शुगरवाल्याला बिस्किटं कसली देतेस म्हणाली. फुटाणे, शेंगा, दशम्या निघताना झाल्या तर, आणि भडंग. सांगलीच्या माणसाला भडंग असला की घर सोडल्यासारखं वाटत नाही.

पण पिशवीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जायचं कुठं. मामेभाऊ विश्रामबागला राहतो, तिकडं उंचावर आहे, तो म्हणालाच की माझ्याकडं. पण त्याच्याकडं भारतीय पद्धतीचा संडास. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आईनं मला हळूच सांगितलं. मी मेडिकलमधून घडीची कमोडची खुर्ची आणली आणि मामेभावाकडं आधीच नेऊन ठेवली, वहिनीनं संडासात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला. आईच्या चेहऱ्यावरची अर्धी काळजी तेवढ्यानं गेली. तुमच्या घरचं म्हातारं माणूस कुठं जायला नकार देत असेल तर एकदा हा प्रश्न विचारून बघा, आणि चारचौघांत नको, एकटं गाठून विचारा.

गल्लीतला तो पोरगा, आता चांगला कमावता आहे, गणेश मंडळाचं सगळं तोच बघतो, त्याला मी जाऊन भेटले आणि विनंती केली की घराची एक किल्ली तुझ्याकडं ठेव. तो म्हणाला ताई हे काय सांगायला लागतंय होय. पण मला वाटतं सांगायला लागतं. माणुसकी सगळ्यांकडं असते, पण किल्ली कुणाकडं आहे ते ठरलेलं पाहिजे.

२०२१ च्या संक्रांतीला रंगीत तालीम घेतली. हा शब्द अण्णांचाच. मी मोबाईलवर वेळ लावली आणि म्हणलं चला, पस्तीस झालं. घरातून निघून रिक्षात बसेपर्यंत एक तास पन्नास मिनिटं लागली! तेही लख्ख उन्हात, कसली घाई नसताना. कुठं गेला एवढा वेळ ते अण्णांनी लिहून काढलं. आईनं साडी बदलली. मागच्या दाराची किल्ली सापडेना. गॅसचा रेग्युलेटर काढताना हात थरथरले. मेन स्विच उंचावर, स्टुलाशिवाय पोचत नाही, आणि ऐंशीकडं झुकलेल्या माणसानं स्टुलावर चढायचं म्हणजे दुसरंच संकट. आणि देव. आई देव सोडून निघणार नाही, एकेक मूर्ती पुसून, वस्त्रात गुंडाळून, त्यात पंचवीस मिनिटं गेली. भाऊ वैतागला. मी त्याला गप्प बसवलं, कारण २०१९ ला इन्सुलिन राहिलं पण देव राहिले नव्हते, यावरून तिच्यासाठी आधी काय ते दिसतंच. मग देवांसाठी एक पितळी डबा केला, आत मऊ कापडाचे कप्पे, पाच मिनिटांत देव आत. मेन स्विच इलेक्ट्रिशियन बोलावून हाताच्या उंचीवर घेतला. किल्ल्या सगळ्या एका लाल नाडीत दाराजवळ. आणि जिन्यावरून आईला खुर्चीतून उतरवून बघितलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय वाकतात, लाकडी हाताच्या खुर्चीत बसवून, ओढणीनं कमरेला बांधून, मंडळाच्या दोन पोरांनी एकानं मागून एकानं पुढून धरलं तर व्यवस्थित उतरते. दुसऱ्या दिवशी परत तालीम घेतली, चाळीस मिनिटं.

सहा महिन्यांत खरी वेळ आली. २२ जुलैला गुरुवारी चिपळूण बुडाल्याच्या बातम्या, महाबळेश्वर-कोयनेकडं कोसळणारा पाऊस, आणि अण्णांचा मला फोन, "पिशवी दारात ठेवलीय." पाणी अजून तीसच्या जवळपासही नव्हतं बहुतेक, पण वरचा पाऊस ऐकून त्यांनी त्यांचं ठरवलं. शुक्रवारी आकडा भराभर चढायला लागला. एवढं सगळं ठरवूनही आईनं एकदा म्हणलंच, कोरोना चाललाय, दुसऱ्याच्या घरी कशाला, माडीवरच जाऊ. सांगलीत तेव्हा पेशंट कमी व्हायचं नाव नव्हतं, तिची भीती खोटी नव्हती. अण्णांनी वही उघडून तिची सही दाखवली. मास्क लावले आणि निघाले. घर बंद करून रिक्षात बसल्यावर त्या पोरानं मला फोटो पाठवला, आई मांडीवर देवांचा डबा घेऊन बसलीय, अण्णांच्या हातात थर्मास. मी ऑफिसच्या कॉलवर होते, कॅमेरा बंद करून रडले.

त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या आसपास जाऊन थांबलं, आमच्या उंबऱ्यावरून आत चार बोटं आलं. म्हणजे परत अण्णा म्हणू शकले असते की बघ, चार बोटंच तर आलं. पण रस्ता त्यांनी लिहिला होता तसाच आधी गेला, गल्लीत जे राहिले होते त्यांना परत बोटीनंच काढावं लागलं.

तयारीत न बसलेली गोष्ट म्हणजे अण्णांचं मन. मामेभावाकडं ते तिसऱ्या दिवसापासून जेवेनात. काही दुखत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात दिवसभर करायचं काय. वहिनी हुशार, तिनं त्यांना रेडिओ आणि वही दिली आणि म्हणाली अण्णा दर दोन तासांनी आकडा लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावायचा, सगळे विचारतायत. ते कामाला लागले आणि जेवायलाही लागले. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला नुसतं सोफ्यावर बसवून ठेवू नका, त्यांना खरं काहीतरी काम द्या.

परत जायची घाई मात्र आम्ही करू दिली नाही. पाणी उतरलं तरी चिखल काढून, इलेक्ट्रिशियननं वायरिंग बघितल्याशिवाय मेन स्विच चालू नाही, टाकी धुतल्याशिवाय ते पाणी नाही, प्यायचं पाणी उकळून. आणि आईनं चिखलात पाय घालायचाच नाही, मधुमेह्याच्या पायाला कुठं खरचटलेलं असलं तर त्याला कळतसुद्धा नाही आणि पुराच्या पाण्यातून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची भीती असतेच. अण्णांना गमबूट घेतले. दोघं आठ दिवसांनी घरी गेली.

२०२४ च्या जुलैत परत चढलं. त्या वेळी चाळीसच्या आसपास येऊन थांबलं, घराच्या जवळसुद्धा आलं नाही. मला वाटलं होतं आता वर्षानुवर्षांचं ठरलेलं मोडणार, कारण अण्णांच्या तब्येतीला आता जरा हालचाल झाली तरी धाप लागते. मी सकाळी फोन केला, म्हणलं अण्णा तेहेतीस झालंय म्हणतायत, मी गाडी काढू का, दोन वाजेपर्यंत पोचते. तिकडून आधी नुसता भांड्यांचा आवाज, मग आई फोनवर आली. "अगं तू नको निघूस एवढ्यात, घाटात पाऊस आहे. अण्णांनी रिक्षा सांगितलीय साडेदहाची. इन्सुलिन घेतलं, देव घेतले, किल्ली दिली त्याला. भडंग करून डब्यात भरतेय, निवला की झाकण लावते. पोचलो की फोन करतो."

सव्वा अकराला तिचा त्या बटणाच्या फोनवरून फोन आला.